एकाच जागी झिजलेला टायर आणि पहिली फिक्स्ड-गियर सायकल

माझ्या पहिल्या फिक्स्ड-गियर सायकलचा (चाक फिरते तोवर पायडलही फिरत राहते अशा सायकलचा) मागचा टायर दोन महिन्यांत फाटला, आणि तोही सगळीकडून झिजून नव्हे, तर एकाच जागी. बाकीच्या टायरवरची नक्षी जवळपास नव्यासारखी होती. केवळ बोटभर लांबीच्या एका पट्ट्यात रबर घासून आतले धागे उघडे पडले होते आणि अखेर तेथूनच ट्यूब बाहेर आली. टायरच खराब निघाला असे समजून मी त्याच मापाचा दुसरा बसवला. तोही तसाच, एकाच जागी झिजला. तेव्हा कोठे मी जमिनीवर बसून चेनव्हीलचे, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चाकाचे, आणि मागच्या कॉगचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या छोट्या दातेरी चाकाचे, दात मोजले. पुढे ४८ आणि मागे १६ दात होते. या दोन आकड्यांत टायरच्या झिजण्याचे पूर्ण उत्तर होते, आणि ही सायकल मी घ्यायला नको होती याचेही बरेचसे उत्तर त्यातच होते.

सायकल जुनी, एका हौशी माणसाकडून घेतलेली होती आणि दिसायला अतिशय देखणी होती. बारीक नळ्या, २३ मिलिमीटरचे टायर, हँडलवर एकही तार नाही. फ्रेम मुळात शर्यतीच्या गोल ट्रॅकसाठी बनवलेली होती. तिच्या पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला, ब्रेक बसवण्याचे छिद्रच नव्हते. या सायकलींना ब्रेक लागत नाही, पायच ब्रेकचे काम करतात, असे विकणाऱ्याने मला सांगितले आणि मी ते मानले. शहराच्या रस्त्यावर पहिली फिक्स्ड-गियर किंवा सिंगल-स्पीड सायकल घेऊ पाहणारे अनेक जण आधी रंग पाहतात, मग वजन उचलून पाहतात आणि मग हँडलचा आकार ठरवतात. मीही तेच केले होते. आज कोणी मला विचारले, तर मी त्याला सायकलच्या मागच्या टोकाकडून पाहणे सुरू करायला सांगते, कारण शहरात ही सायकल सुखाची होणार की डोकेदुखीची, हे मागचा हब (चाकाचा मधला भाग), तो ज्या खाचांत बसतो त्या खाचा, दातांचे प्रमाण आणि ब्रेक एवढ्यावर बहुतांशी ठरते.

आधी या दोन प्रकारांतला फरक स्पष्ट करून घेतलेला बरा, कारण दुकानांत आणि जाहिरातींत दोन्हींना सर्रास ‘फिक्सी’ म्हटले जाते. दोन्हींमध्ये एकच गियर असतो. सिंगल-स्पीडच्या मागच्या चाकावर फ्रीव्हील असते. पाय थांबवले तरी चाक पुढे फिरत राहते आणि टिकटिक असा आवाज येतो. फिक्स्ड-गियरमध्ये फ्रीव्हील नसते. मागचा कॉग हबवर घट्ट आवळलेला असतो, त्यामुळे चाक फिरते तोवर पायडलही फिरतच राहते. लहान मुलांच्या तीनचाकीची पायडले थेट पुढच्या चाकाला जोडलेली असतात, आणि उतारावर ती पायांना न विचारता गरागरा फिरू लागतात. फिक्स्ड-गियरची गोष्ट तत्त्वतः तीच आहे. पायडल उलट दिशेने दाबले की चाक मंदावते, आणि पुरेसा जोर लावून पाय अडवून धरले की मागचे चाक जाम होऊन घसटू लागते.

हा प्रकार काही नव्या फॅशनने जन्माला घातलेला नाही. पुढचे चाक भलेमोठे असलेल्या जुन्या उंच सायकली फिक्स्डच होत्या. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर गियर (साखळी एका कॉगवरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा) वापरायला १९३७ मध्ये परवानगी मिळाली. तोपर्यंत चढ आला की शर्यतपटू खाली उतरून मागचे चाक काढत, ते उलटे फिरवून दुसऱ्या बाजूचा जास्त दातांचा कॉग साखळीखाली आणत आणि पुन्हा स्वार होत. बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यती आजही फिक्स्ड-गियरवर आणि ब्रेकशिवायच होतात, कारण तेथे सगळे एकाच दिशेने, एकमेकांच्या चाकाला चाक लावून जात असतात आणि कोणी अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्यावर येऊन आदळतील. जपानमध्ये १९४८ पासून चालणाऱ्या केइरिन शर्यतीही अशाच सायकलींवर होतात. ट्रॅकवरून ही सायकल शहरात आली ती मुख्यतः सायकलवरून टपाल-पार्सले पोहोचवणाऱ्या कुरियरांमुळे: मोडण्यासारखे भाग कमी, देखभाल कमी, चोराला काढून नेण्यासारखेही कमी. मात्र ट्रॅकवर ब्रेक नसण्याचे जे कारण आहे, ते चौकात लागू पडत नाही. तेथे समोरून माणूस येतो, बाजूच्या मोटारीचे दार उघडते, कुत्रे आडवे जाते.

मग पहिली सायकल कोणती घ्यावी, फिक्स्ड की फ्रीव्हीलची? माझे मत स्पष्ट आहे. दोन्ही बाजूंना आटे असलेला, म्हणजे ज्याला ‘फ्लिप-फ्लॉप हब’ म्हणतात तो मागचा हब असलेली सायकल घ्यावी, तिला पुढे आणि मागे असे दोन्ही ब्रेक असावेत आणि सुरुवातीचे काही आठवडे ती फ्रीव्हीलवरच चालवावी. अशा हबच्या एका बाजूवर फ्रीव्हील आणि दुसऱ्या बाजूवर फिक्स्ड कॉग बसतो. चाक काढून उलटे लावले की सायकलचा स्वभाव बदलतो. बाजारातल्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या अनेक सायकलींना असाच हब असतो, पण कित्येकदा फिक्स्ड बाजू रिकामी, नुसत्या आट्यांची ठेवलेली असते आणि कॉग वेगळा घ्यावा लागतो, हे आधीच विचारून घ्यावे. ज्याला फिक्स्ड कधीच आवडणार नाही, त्याच्याकडे एक उत्तम सिंगल-स्पीड उरते. असे न आवडणारे पुष्कळ असतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

फिक्स्डवरचे पहिले दिवस नेमके कसे असतात, हे न सांगताच लोक ती विकतात. अनेक वर्षे साधी सायकल चालवलेल्या माणसाचे पाय सिग्नल दिसला, खड्डा आला, वळण आले की आपोआप थांबतात. फिक्स्डवर पाय थांबवण्याचा प्रयत्न केला की पायडल खालून उसळी मारून वर येते आणि मागचे चाक तुम्हाला सीटवरून पुढे ढकलते. पहिल्या आठवड्यात मला हा धक्का रोज पाच-सहा वेळा तरी बसत असे. वळताना आतल्या बाजूचे पायडल वर ठेवता येत नाही. खड्ड्यावरून जाताना दोन्ही पायडले आडवी धरून उभे राहता येत नाही. पाय फिरते ठेवूनच अंग हलके करावे लागते. आणि थांबल्यावर पायडल सोयीच्या जागी नसेल तर ते मागे फिरवून घेता येत नाही, मागचे चाक किंचित उचलावे लागते. या सगळ्याची सवय होते, आणि झाली की वेगावर जे बारीक नियंत्रण येते ते मला अजूनही दुसऱ्या कोणत्याही सायकलवर मिळालेले नाही. परंतु ती सवय रिकाम्या जागेत लावावी, गर्दीच्या वेळी कामावर जाताना नव्हे.

आता हबकडे येऊ, कारण येथे दुर्लक्ष झाले तर ते अंगावर येते. खऱ्या फिक्स्ड हबवर दोन प्रकारचे आटे असतात. कॉग नेहमीच्या दिशेने आवळला जातो. त्याच्या बाहेर, थोड्या कमी व्यासावर, उलट्या दिशेचे आटे असतात आणि त्यांवर लॉकरिंग, म्हणजे कॉगला जागेवर धरून ठेवणारे कडे, बसते. पायडलवर मागे जोर दिला की कॉग सैल होऊ पाहतो, पण तो सुटू लागला तर लॉकरिंग उलट आट्यांमुळे अधिकच आवळले जाते. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर हे दुसरे आटे नसतात. अडचण अशी की कॉगचे आटे आणि फ्रीव्हीलचे आटे एकाच मापाचे असतात, त्यामुळे फिक्स्ड कॉग साध्या हबवरही व्यवस्थित बसतो आणि दिसायला सारे ठीक दिसते. काही जण त्यावर बॉटम ब्रॅकेटचे (पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्या भागाचे) लॉकरिंग किंवा आटे चिकटवणारे रसायन लावून काम भागवतात. जोरात मागे दाबण्याचा प्रसंग ज्या क्षणी येतो, नेमका त्याच क्षणी असा कॉग सुटू शकतो. जुनी सायकल घेत असाल तर कॉगबाहेरचे लॉकरिंग डोळ्यांनी पाहा आणि त्यासाठी पायरीसारखी उलट्या आट्यांची वेगळी बैठक आहे ना, हे विचारा. विकणारा उत्तर टाळू लागला तर सायकल तेथेच ठेवावी.

ब्रेकविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण त्याबाबत मी स्वतः मूर्खपणा केलेला आहे. सायकल थांबू लागली की वजन पुढच्या चाकावर झुकते आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाची रस्त्यावरची पकड कमी असते, म्हणून मागचा ब्रेक असो की पाय, मागच्या चाकाने थांबायला पुढच्या ब्रेकच्या मानाने सुमारे दुप्पट अंतर लागते. चाक जाम करून घसटले तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण घसरणाऱ्या रबराची पकड फिरत्या चाकापेक्षा कमी असते, आणि ओल्या रस्त्यावर तर ती जवळपास नाहीशी होते. घसटत थांबणे दिसायला रुबाबदार असते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. शिवाय पायांचा ब्रेक साखळीमार्फत चालतो. साखळी उतरली किंवा तुटली की तो ब्रेकही गेला, आणि ब्रेक नसलेल्या फिक्स्डवर त्यानंतर हातात काहीच उरत नाही.

माझी साखळी एकदा उतरली. उतार मोठा नव्हता, वेगही नव्हता. पायडले अचानक पोकळ फिरू लागली आणि मी बुटाचा तळवा मागच्या टायरवर दाबून, मग बाजूच्या गवतात सायकल घालून थांबले. गुडघा खरचटला. फोर्कला छिद्रच नसल्यामुळे त्या सायकलला पुढचा ब्रेक नीट बसवता येत नव्हता, म्हणून पुढच्याच आठवड्यात मी ती विकून टाकली, आणि घेणाऱ्याला ती ट्रॅकची सायकल आहे, रस्त्याची नव्हे, असे स्पष्ट सांगितले.

यातून निघणारी गोष्ट सोपी आहे. फ्रीव्हीलच्या सायकलला दोन ब्रेक असलेच पाहिजेत, कारण तेथे पाय काहीच थांबवत नाहीत. फिक्स्डला पुढचा ब्रेक असलाच पाहिजे. मागचाही असला तर सुरुवातीला तो ठेवावा आणि गुडघे लांब उतारावर दमले की वापरावा. ब्रिटनमधले १९८३ चे नियम मागच्या स्थिर कॉगला मागच्या ब्रेकच्या जागी धरतात, पण पुढचा ब्रेक तेथेही सक्तीचा आहे. इतरत्र नियम वेगवेगळे आहेत आणि आपल्या ठिकाणचे नियम घेण्याआधी पाहिलेले बरे. सायकल निवडताना पुढच्या फोर्कला आणि मागच्या चाकाच्या वरच्या आडव्या नळीला ब्रेकची छिद्रे आहेत का, ते पाहावे. आत्ता लावलेला ब्रेक उद्या काढता येतो, पण छिद्र नसलेल्या फोर्कला ब्रेक लावण्याचे सगळे उपाय तडजोडीचे असतात.

आता त्या टायरकडे. ४८ ला १६ ने भागले की ३ येतात, म्हणजे पायडलची एक फेरी होईपर्यंत मागच्या चाकाच्या बरोबर तीन फेऱ्या होतात. माणूस घसटताना जवळजवळ नेहमी तोच पाय पुढे ठेवतो, त्यामुळे पायडल प्रत्येक वेळी त्याच स्थितीत अडवले जाते. गुणोत्तर पूर्णांक असेल तर त्या स्थितीत चाकही दर वेळी त्याच जागी असते, आणि टायरचा तोच तुकडा रस्त्यावर घासला जातो. हिशेब करायचा तर अपूर्णांक संक्षिप्त करावा आणि छेद पाहावा. ४८/१६ म्हणजे ३/१, म्हणून घासण्याची जागा एक. ४६/१६ म्हणजे २३/८, म्हणून जागा आठ. ४४/१६ म्हणजे ११/४, जागा चार. आणि ४४/१७ किंवा ४६/१७ यांचा संक्षेपच होत नाही, म्हणून झीज १७ जागी वाटली जाते. मागे १७ दातांचा कॉग इतका लोकप्रिय का आहे, त्याचे एक कारण १७ ही मूळ संख्या आहे हे आहे. शाळेत मसावि-लसावि शिकताना ते कधी टायर वाचवेल असे मला वाटले नव्हते. अर्थात ज्याला पुढचा ब्रेक आहे आणि जो क्वचितच घसटतो, त्याने या हिशेबाची फार काळजी करू नये. फ्रीव्हीलवाल्याने तर मुळीच करू नये.

गुणोत्तराचा खरा परिणाम पायांवर होतो. साधारण २८ मिलिमीटरच्या टायरचे ७००सी (रोड-सायकलींचे नेहमीचे माप) चाक एका फेरीत सुमारे २.१ मीटर पुढे जाते. ४८/१६ वर पायडलच्या एका फेरीत सायकल ६.३ मीटर जाते. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी ३० किलोमीटर वेग होतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर हे छान वाटते. पण शहरात माणूस ताशी ३० ने फार कमी वेळ जातो आणि दर काही मिनिटांनी शून्यापासून सुरुवात करतो. त्या प्रत्येक सुरुवातीला हा गियर दगडासारखा जड लागतो, आणि फिक्स्डवर थांबतानाही तेवढाच जड लागतो, कारण जितका गियर उंच तितका मागे दाबण्याचा जोर जास्त. ४४/१७ वर एका फेरीत सुमारे ५.४ मीटर अंतर जाते आणि त्याच ८० फेऱ्यांना ताशी २६ किलोमीटर वेग मिळतो. हे शहरासाठी पुरेसे आहे. चढ जास्त असतील तर ४२/१७ किंवा ४२/१८ घ्यावा. सायकलच्या जुन्या पुस्तकी भाषेत हेच ‘गियर इंच’मध्ये सांगतात: गुणोत्तराला चाकाच्या २७ इंच व्यासाने गुणले की थेट पायडल असलेल्या उंच सायकलचे किती मोठे चाक आपण चालवत आहोत, ते कळते. ४४/१७ म्हणजे ७० इंच, ४८/१६ म्हणजे ८१ इंच. शहरात पहिल्या सायकलसाठी ६५ ते ७२ या दरम्यान राहावे, असे माझे मत आहे. दुकानातून येणाऱ्या बऱ्याच सायकली त्याच्या वरच्या बाजूला असतात.

कमी गियरची एक किंमत फिक्स्डवाल्याला मोजावी लागते, ती म्हणजे उतारावरची फेऱ्यांची घाई. ४४/१७ वर ताशी ४० ने उतरायचे तर पायांना मिनिटाला १२० हून अधिक फेऱ्या माराव्या लागतात, आणि शिकाऊ माणूस त्या वेगाला सीटवर उसळू लागतो. यावरचा उपाय गियर वाढवणे हा नाही. पुढचा ब्रेक हलका धरून उतारावर वेग वाढूच न देणे, हा उपाय आहे. ज्यांच्या रोजच्या वाटेवर लांब उतार आहे, त्यांनी फ्रीव्हीलचाच विचार करावा.

फ्रेम निवडताना मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, खाचांकडे पाहावे. एकच गियर असलेल्या सायकलमध्ये साखळीचा ताण मागचे चाक पुढे-मागे सरकवून साधावा लागतो, म्हणून खाच आडवी असली पाहिजे. मागच्या दिशेला उघडणारी ट्रॅक पद्धतीची किंवा पुढे उघडणारी जुन्या रोड-सायकलींची तिरकी खाच, दोन्ही चालतात. खाच सरळ उभी असेल तर चाक सरकतच नाही. मग फ्रीव्हीलच्या सायकलला साखळी ताणणारा दाबकपट्टीसारखा भाग लावून निभावता येते, पण फिक्स्डवर तो चालत नाही, कारण मागे दाबले की ताण साखळीच्या खालच्या पदरावर येतो आणि तो भाग वाकतो किंवा तुटतो. जुन्या गियरच्या सायकलचे रूपांतर करू पाहणाऱ्यांचे बेत बहुतेकदा याच खाचेपाशी अडतात. दुसरी अडचण रुंदीची असते: ट्रॅक हब १२० मिलिमीटरचा, तर जुन्या रोड-फ्रेमची मागची फट १२६ किंवा १३० मिलिमीटरची असते. स्टीलच्या फ्रेममध्ये वॉशर घालून हे सांभाळता येते, पण साखळी पुढून मागे सरळ रेषेत राहते की नाही, ते मोजावेच लागते. तिरकी चालणारी साखळी आधी आवाज करते आणि मग एखाद्या दिवशी उतरते.

बॉटम ब्रॅकेटची उंची हा मुद्दा फक्त फिक्स्डवाल्यांचा आहे, पण गंभीर आहे. वळणावर पायडल फिरतच असल्यामुळे ते खाली असताना सायकल झुकली तर रस्त्याला टेकू शकते आणि मागचे चाक उचलले जाते. ट्रॅकच्या फ्रेममध्ये म्हणूनच बॉटम ब्रॅकेट उंच ठेवतात आणि क्रँक (पायडलचे दांडे) १६५ मिलिमीटरचे, म्हणजे रोड-सायकलवर नेहमी दिसणाऱ्या १७० किंवा १७२.५ पेक्षा आखूड असतात. रूपांतर केलेल्या जुन्या सायकलवर १७० चे क्रँक असतील तर ते बदलण्याचा खर्च धरूनच हिशेब करावा. याच्या जोडीला एक छोटी चाचणी करावी: सायकलवर बसून पायडल पुढे आडवे ठेवावे आणि हँडल वळवावे. बुटाचे टोक पुढच्या टायरला लागते का? लहान मापाच्या आणि तीव्र कोनाच्या फ्रेममध्ये ते बऱ्याचदा लागते. फ्रीव्हीलवर पाय मागे घेऊन ते टाळता येते. फिक्स्डवर हळू वेगात वळताना पाय येणारच, आणि तो टायरला अडकला की पडायला वेग लागत नाही.

टायरला जागा किती आहे, हे माझ्या दृष्टीने रंगाच्या कितीतरी आधी येते. २८ मिलिमीटरचा टायर बसून वर बोटभर फट उरली पाहिजे. ३२ बसत असेल तर फारच उत्तम. फिक्स्डवर खड्डा दिसला तरी पाय थांबवून अंग सावरता येत नाही, त्यामुळे रुंद टायरचा आधार येथे इतर सायकलींपेक्षा जास्त लागतो. मडगार्डची भोके असतील तर तीही गुणच. फ्रेमच्या धातूबद्दल लोक तासन्‌तास बोलतात; मी एका वाक्यात सांगते: साधे हाय-टेन्साइल स्टील जड पण टिकाऊ असते, क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेले स्टील) हलके आणि चांगले असते, ॲल्युमिनियम आणखी हलके असू शकते, आणि पहिल्या सायकलसाठी यांपैकी काहीही चालते. वाचलेले पैसे चांगल्या चाकांवर घालावेत. हलक्या दर्जाच्या चाकाचे स्पोक सैल पडतात आणि चाक आउट होते. जुनी सायकल घेताना चाक उचलून फिरवून पाहणे एवढे तरी कोणीही करू शकतो.

साखळीबाबत दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. तिची रुंदी १/८ इंच किंवा ३/३२ इंच असते. रुंद साखळी अरुंद कॉगवर चालते, उलटे चालत नाही, म्हणून चेनव्हील, कॉग आणि साखळी एकाच मापाचे घेतलेले बरे. आणि ताण: मधोमध बोटाने वर-खाली हलवली तर साखळी साधारण सेंटिमीटरभर हलावी, आणि ही तपासणी क्रँक फिरवत जेथे साखळी सर्वांत घट्ट असते तेथे करावी, कारण चेनव्हील क्वचितच अगदी गोल बसलेले असते. फार घट्ट साखळी बेअरिंग खाते, फार ढिली उतरते. माझी ढिली होती.

फिक्स्ड साखळी साफ करताना चाक फिरवत फडके धरू नये, ही सूचना मी येथे वेगळी देते. फ्रीव्हीलवर बोट अडकले तर चाक थांबवता येते. फिक्स्डवर चाकाचा सगळा वेग क्रँकसह बोटावर येतो, आणि त्यात बोटाचे टोक तुटल्याची उदाहरणे आहेत. सैल बुटाची नाडी आणि पँटचा घोळ यांनाही हेच लागू पडते. उजव्या पायाची पँट मी आजही दुमडते, कितीही घाई असली तरी.

पायडलला पाय बांधून ठेवणारे पट्टे किंवा टो-क्लिप सिंगल-स्पीडवर आवडीचा विषय आहेत, फिक्स्डवर गरजेचा. पाय सुटला तर फिरणारे पायडल नडगीवर येऊन लागते आणि ते परत पकडणे कठीण असते. शिवाय पाय वर ओढता आला नाही तर पायांनी वेग कमी करणेही जमत नाही. रुंद पट्टे नव्या माणसाला सोपे जातात, कारण पाय बाजूला वळवला की सुटतो. ते थांबलेल्या सायकलवर, भिंतीला टेकून, वीस-पंचवीस वेळा घालून-काढून पाहावेत.

माझी आताची सायकल दुसरी आहे आणि देखणेपणात पहिलीच्या जवळपासही येत नाही. स्टीलची फ्रेम, २८ चे टायर, दोन ब्रेक, पुढे ४४ दात, मागे एका बाजूला १७ चा फिक्स्ड कॉग आणि दुसऱ्या बाजूला १८ चे फ्रीव्हील. दोन्ही बाजूंत एका दाताचाच फरक ठेवला आहे, कारण मागे एक दात वाढला की एक्सल सुमारे ३ मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो आणि तेवढी जागा खाचेत सहज मिळते. साखळी तीच राहते, ब्रेकचे रबरही हलवावे लागत नाही. पावसाळी दिवसांत आणि सामान जास्त असले की मी फ्रीव्हीलची बाजू लावते, एरवी फिक्स्डची. एक्सलला क्विक-रिलीज (हाताने उघडणारी पकड) नाही, नट आहेत, त्यामुळे पंक्चर काढायचे म्हटले तरी १५ मिलिमीटरचा पाना बॅगेत असावा लागतो. त्याला मी एक जुना मोजा गुंडाळून ठेवते. पाना खडखडत नाही, आणि साखळी काढायची वेळ आली की तोच मोजा हातात घालता येतो.